बोलर्सची बॅटिंग ऑर्डर: लीगमध्ये पाच जणांचा क्रम कसा लावायचा?

गटारसम्राट

शीर्षक पाहून क्रिकेटवाले धावत आले असतील तर माफ करा. हा धागा दहा पिनांच्या बोलिंगचा आहे. अमेरिकेतली आठवडी लीग, पाच जणांचा संघ, तीन गेम. पाच जण कुठल्या क्रमाने उभे करायचे, एवढाच प्रश्न.

संघ असा आहे:

अ: सरासरी 201. उजवा, दोन हातांनी टाकतो, बॉल प्रचंड वळतो.
ब: 186. उजवा, वळण बेताचं, स्पेअर (पहिल्या बॉलनंतर उरलेले पिन दुसऱ्या बॉलने पाडणं) सहसा सोडत नाही.
क: 172. डावखुरा.
ड: 158. उजवा, लाइन, म्हणजे बॉलची वाट, साधारण ब सारखीच. एक गेम 205 आणि पुढचा 125. कामावरून यायला कधीकधी पाच-दहा मिनिटं उशीर.
इ: 141. पहिलाच हंगाम. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटलं की हात आखडतो.

हँडिकॅप, म्हणजे प्रत्येकाच्या स्कोअरमध्ये मिळवायचे पिन: 220 मधून सरासरी वजा करून उरेल त्याच्या 90 टक्के. समोरच्या संघात आपल्याच क्रमांकावर जो असेल तो आपला प्रतिस्पर्धी, त्याला हरवलं की गेममागे 1 गुण. संघाच्या प्रत्येक गेमला 2 आणि तिन्ही गेमच्या बेरजेला 3. आठवड्याचे 15 + 6 + 3 = 24 गुण.

सध्या सरासरीच्या चढत्या क्रमाने चालू आहे: इ, ड, क, ब, अ. याहून बरं काही सुचवा.

सातवीपिन

इ ला पहिला? नवख्याला रोज ओपनिंगला पाठवताय! पहिल्या फ्रेमला, म्हणजे गेममधल्या दहा पाळ्यांतल्या पहिलीला, दोन्ही संघांचे नऊच्या नऊ जण रिकामे बसून त्याच्याकडेच बघत असतात. हे आधी बदला.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मांडणी अशी. पहिला, म्हणजे लीडऑफ: भरवशाचा, झटपट टाकणारा, तोंडाने बोलका. त्याला सगळ्यात जास्त सरासरी लागत नाही, पण पहिल्या दोन फ्रेम त्याने ओपन (ना स्ट्राइक ना स्पेअर) सोडू नयेत. दुसरा आणि तिसरा: संघातले कमी सरासरीचे. चौथा: अँकरच्या खालोखाल चांगला. पाचवा, म्हणजे अँकर: दहाव्या फ्रेमला ज्याचा श्वास फुलत नाही तो.

कमी सरासरीवाला दुसरा की तिसरा, यावर मतं फाटतात. माझं मत दुसरा. लीडऑफने स्ट्राइक मारला, म्हणजे पहिल्याच बॉलने दहाही पिन पाडले, तर टाळ्यांच्या गडबडीत तो शांतपणे टाकून येतो. लीडऑफ चुकला तर सगळे त्याची समजूत काढत असतात. दोन्हीकडून दुसऱ्याकडे लक्ष कमीच.

तुमच्यासाठी: ब, इ, ड, क, अ.

आकडेमोड

थोडं गणित आधी मांडतो, म्हणजे पुढची भांडणं नेमकी होतील.

साध्या लीग गेममध्ये प्रत्येक जण आपल्या दहा फ्रेम स्वतः खेळतो. पाच स्कोअर वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी बेरीज. बेरजेला क्रमाशी देणंघेणं नाही. त्यामुळे क्रमाने गुण वाढायचे तर तीनच वाटा उरतात: समोर कोण येतो, आपल्या बोलरला टाकण्याआधी काय माहिती मिळते, आणि डोकं किती शांत राहतं.

पहिली वाट तपासू. तुमचे हँडिकॅप, अपूर्णांक सोडून: अ 17, ब 30, क 43, ड 55, इ 71. सरासरीत मिळवले की अ 218, ब 216, क 215, ड 213, इ 212. साठ पिनांचं अंतर सहा पिनांवर आलं. समोरच्या संघाचंही असंच होणार. एखाद्याचा गेम सरासरीपेक्षा वीस-पंचवीस पिन इकडेतिकडे होणं रोजचंच, त्यात हे सहा पिन कुठे शोधणार? तुमच्या लीगमध्ये जोड्या जुळवण्याच्या डावपेचांवर डोकं शिणवू नका.

स्क्रॅच लीग असती, म्हणजे हँडिकॅपच नसता, तर गोष्ट वेगळी. 141 वाला 201 समोर जवळजवळ हरणारच. तिथे समोरचा क्रम आधी माहीत असेल तर आपला सगळ्यात कच्चा त्यांच्या सगळ्यात पक्क्यासमोर टाकायचा, आपला पहिला त्यांच्या दुसऱ्यासमोर, दुसरा तिसऱ्यासमोर. एक गुण आपण होऊन सोडायचा आणि बाकी चार जोड्यांत वरचढ व्हायचं. म्हणूनच काही स्क्रॅच लीग दोन्ही कॅप्टनकडून क्रम बंद चिठ्ठीत घेतात किंवा सरासरीनुसारच लावायला लावतात.

तेलकट

वरच्या प्रतिसादातली दुसरी वाट, म्हणजे माहिती, हाच माझ्या मते क्रमाचा गाभा आहे. लोक मानसिकतेवर तासभर बोलतात आणि लेनवरच्या तेलाकडे बघत नाहीत.

लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदीला 39 पट्ट्या. सेंटरच्या नेहमीच्या तेलाच्या पॅटर्नमध्ये साधारण पहिले 40 फूट तेल असतं, मध्ये जाड आणि कडेला पातळ. रिॲक्टिव्ह रेझिनचा बॉल ते तेल पृष्ठभागात शोषून घेतो. जिथून जास्त बॉल जातात तिथली लेन कोरडी होते, बॉल लवकर वळायला लागतो आणि पॉकेटऐवजी (पहिल्या पिनच्या बाजूची फट) पहिल्या पिनच्या नाकावर आदळतो. मग स्प्लिट, म्हणजे एकमेकांपासून दूर उरलेले पिन.

आता हिशोब बघा. लीगमध्ये दोन लेनच्या जोडीवर दोन्ही संघांचे दहा जण असतात आणि प्रत्येक जण एक फ्रेम या लेनवर, पुढची त्या लेनवर टाकतो. म्हणजे एका गेममध्ये एका लेनवर 10 गुणिले 5 = 50 पहिले बॉल. दहात एकच डावखुरा असेल तर त्यातले 45 उजव्या बाजूने. तीन गेममध्ये 135. तिसऱ्या गेमला पहिल्या गेमचीच लाइन धरून बसणारा मार खातो तो यामुळे.

तुमच्या आधी, त्याच लेनवर, तुमच्याच लाइनने कोणी टाकलं तर त्याचा बॉल ही तुमची फुकटची चाचणी असते. तो पॉकेटच्या वर गेला का, पाय दोन पट्ट्या डावीकडे आणि नजर एक पट्टी डावीकडे, असा बदल तुम्हाला स्वतःचा बॉल वाया न घालवता करता येतो. पण दोघांची लाइन, वेग आणि फिरकी जवळपास सारखी हवी. दोन हातांनी टाकणाऱ्या अ चा बॉल बघून ब ला काहीही कळणार नाही. अ मधल्या तेलातून बाहेर फेकून परत आणतो, ब लेनवर रंगवलेल्या दुसऱ्या बाणाच्या आसपास सरळसोट जातो. दोघांच्या लेनच वेगळ्या म्हणा ना.

म्हणून माझा नियम: अँकरच्या लगेच आधी अँकरसारखा टाकणारा हवा. तुमच्याकडे ब आणि ड एकाच लाइनवर आहेत, ही जोडी तोडू नका. चौथा ड, मग अँकर ब.

अ सारखा टाकणारा तुमच्या संघात कोणी नाही. त्याने समोरच्या संघात दोन हातांचा किंवा भरपूर फिरकीवाला शोधावा आणि त्याचे बॉल बघावेत.

डावरा

डावखुऱ्यांबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून. वरच्या हिशोबात क च्या बाजूने तीन गेममध्ये लेनमागे फक्त 15 पहिले बॉल जातात. त्याची लेन हळू बदलते. त्याची माहिती उजव्यांना निरुपयोगी आणि उजव्यांची त्याला. म्हणजे क जिथे उभा कराल तिथे माहितीची साखळी तुटते. सातवीपिन यांच्या मांडणीत तो चौथा आहे, अँकरच्या तोंडावर. तिथे नको. तिसरा किंवा पहिला.

आणि उजव्यांनी दर वेळी "तुमचं काय, तुमची बाजू मोकळी" म्हणणं थांबवावं. बाजू मोकळी असते म्हणून चुकलेला बॉल आत ओढून घेणारी घासलेली वाटही नसते. पिन नीट उडत नसतील तर तिन्ही गेम तसेच जाऊ शकतात.

सातवीपिन

तेलकट, ड ला चौथा? 205 आणि 125 वाला? चौथ्याचं काम नववी फ्रेम भरून अँकरला पाया देणं आहे, म्हणून तर तिला फाउंडेशन फ्रेम म्हणतात.

आकडेमोड

फाउंडेशन फ्रेम प्रत्येकाची स्वतःची नववी असते. चौथ्या बोलरच्या नवव्या फ्रेमचा अँकरच्या स्कोअरला एका पिनचाही उपयोग नाही. तुम्ही बेकरचं (संघाचा मिळून एकच गेम, फ्रेम वाटून) आणि साध्या गेमचं मिसळताय.

फाउंडेशन का म्हणतात ते आकड्यांत. स्ट्राइकला 10 अधिक पुढच्या दोन बॉलचे पिन, आणि दहाव्यात स्ट्राइक किंवा स्पेअर आला की एकूण तीन बॉल. समजा आठव्या फ्रेमपर्यंत पक्के 160 आणि नवव्यात स्ट्राइक. दहाव्यात तीन स्ट्राइक आले तर नववी 30, दहावी 30, एकूण 220. दहाव्यात नऊ, स्पेअर, मग स्ट्राइक: नववी 20, दहावी 20, एकूण 200. दहाव्यात नऊ आणि एक चुकला: नववी 19, दहावी 9, एकूण 188. एकाच बोलरच्या शेवटच्या पावलावर 32 पिनांचा फरक.

पण हा फरक पाचही जणांच्या दहाव्या फ्रेमला तेवढाच असतो. अँकर वेगळा एवढ्यासाठीच की त्याच्या वेळी जिंकायला किती पिन हवेत हा आकडा समोर असतो.

कोपऱ्यातलीदहा

आणि तो आकडा वापरता आला पाहिजे. बरेच अँकर फक्त जोरात टाकतात.

दोन उदाहरणं. दहाव्या फ्रेमला पहिल्या बॉलने सात पाडले, 4-7-10 (पिनांचे क्रमांक, 10 उजव्या कोपऱ्यातला) उभे. संघाला जिंकायला या फ्रेममध्ये नऊ हवेत. स्पेअरचा नाद सोडा, 4 आणि 7 शेजारीशेजारी आहेत, ते दोन घ्या आणि घरी चला. चार पिनला बारीक लावून दहावर सरकवायला गेलात तर चार पूर्ण चुकण्याचा धोका आहे आणि मग सातच.

दुसरं: 7-10 उभे, आठ पडलेत, नऊ हवेत. एक पिन घ्या, जी सोपी वाटेल ती. दहा हवेत तर मात्र दोन्हींचा प्रयत्न करण्यावाचून इलाज नाही, जवळजवळ कधीच जमत नसला तरी.

म्हणून अँकर निवडताना सरासरी बघण्याआधी स्पेअर बघा. आणि किती हवेत हे अँकरला एकाच माणसाने, एकदाच, एका आकड्यात सांगायचं. "आठ हवेत." बस. चौघांनी चार सल्ले द्यायचे नाहीत.

गटारसम्राट

मागच्या आठ आठवड्यांची रीकॅप शीटं (आठवड्याच्या स्कोअरचे तक्ते) काढून मोजलं. प्रत्येकाचे 24 गेम.

अ: पहिल्या नऊ फ्रेमच्या 216 पैकी ओपन 30. दहाव्या 24 पैकी ओपन 9.
ब: 216 पैकी 29. दहाव्या 24 पैकी 3.

बाकी तिघांचा दहाव्यातला आकडा आधीच्या नऊसारखाच.

आकडेमोड

मोजणी योग्य केलीत. प्रत्येकाची दहावी त्याच्याच इतर फ्रेमशी ताडायची, दुसऱ्याच्या दहावीशी नाही. अ एरवी शंभरात 14 वेळा ओपन सोडतो, दहाव्यात 37-38 वेळा. ब दोन्हीकडे तेराच्या आसपास. 24 गेम म्हणजे फार मोठा नमुना नाही. 9 ऐवजी 5 असते तर मी दुर्लक्ष करा म्हटलं असतं. 9 मात्र नुसत्या योगायोगाला जरा जास्तच होतात.

आता शोधा की हे दडपण आहे की तेल. अ चे दहाव्यातले नऊ ओपन तिसऱ्या गेममध्ये गोळा झालेत का? तसं असेल तर क्रम बदलून उपयोग नाही, त्याला बॉल बदलायला सांगा.

गटारसम्राट

पहिला गेम 3, दुसरा 2, तिसरा 4.

तेलकट

पसरलेत. मग तेल नव्हे. नऊपैकी बहुतेक वेळा काय उभं राहिलं तेही शीटवर असेल. एकटा 10 पिन चुकला की स्प्लिट होते?

गटारसम्राट

सहा वेळा एकच पिन चुकलेली. त्यातले पाच 10 पिनचे.

कोपऱ्यातलीदहा

माझं नावच घेतलंत! हा क्रमाचा आजार नाही. 10 पिनला तो वळणाराच बॉल टाकत असणार. प्लॅस्टिकचा बॉल घ्या, तो तेल शोषत नाही आणि जवळजवळ सरळ जातो. उजव्याने 10 पिनसाठी डावीकडून तिरकं टाकायचं. 3-6-9 ची पद्धत सोपी: आपल्या स्ट्राइकच्या जागेवरून, नजर त्याच खुणेवर ठेवून, 6 पिनला सहा पट्ट्या डावीकडे सरकायचं, 10 ला नऊ. पण तेही बॉल सरळ जाणार असेल तर, दोन हातांच्या वळणावर हे आकडे चालत नाहीत. दोन हातांनी टाकणारे कितीतरी जण स्पेअर एका हाताने सरळ टाकतात, लाज कसली त्यात.

तोवर अँकर ब.

पुणेरी_पिन

मध्येच घुसतो. आमच्याकडे पुण्यात कंपन्यांच्या स्पर्धेत चौघांचा संघ आहे आणि बाद फेरी बेकर पद्धतीने. पाच जणांचंच सगळीकडे लिहिलेलं सापडतं. चौघांत अँकर म्हणजे चौथाच ना?

आकडेमोड

नाही! आणि इथेच बहुतेक संघ फसतात.

बेकरमध्ये संपूर्ण संघाचा मिळून एकच गेम असतो. पद्धतीला नाव फ्रँक बेकर यांचं, ते अमेरिकन बोलिंग काँग्रेसचे पदाधिकारी होते. पाच जण असतील तर पहिला 1 आणि 6, दुसरा 2 आणि 7, असं करत पाचवा 5 आणि 10. छान बसतं.

चौघांत बसत नाही. पहिला 1, 5, 9. दुसरा 2, 6, 10. तिसरा 3, 7. चौथा 4, 8. दहावी फ्रेम दुसऱ्याची! तुमचा शेवट करणारा गडी दुसऱ्या क्रमांकावर लावा, नववी भरणारा पहिल्यावर. या दोघांना तीन-तीन फ्रेम, उरलेल्यांना दोन-दोन. दोन कच्चे तिसरे आणि चौथे. तिघांचा संघ असेल तर दहावी पहिल्याची: 1, 4, 7, 10.

आता लेन. फ्रेम आलटून पालटून दोन लेनवर जातात, विषम एका लेनवर, सम दुसऱ्या. पाच जणांत 1 आणि 6, 5 आणि 10 असं प्रत्येकाला एक विषम आणि एक सम येते, म्हणजे दोन्ही लेन एकेकदा. चौघांत पहिला आणि तिसरा कायम विषम लेनवर, दुसरा आणि चौथा कायम सम लेनवर. अख्ख्या गेममध्ये एकाच लेनवर.

तेलकट

हे सोन्यासारखं आहे. म्हणजे चौघांच्या बेकरमध्ये सरावाच्या वेळी दोन्ही लेन कशा वागतात ते बघून, ज्या लेनवर ज्याचा बॉल बसतो त्याला त्या लेनच्या जागेवर लावायचं. एकाच जोडीतल्या दोन लेन सारख्या वागतीलच असं नाही. जास्त वळणारी लेन सरळ टाकणाऱ्याला द्या, तेलकट लेन जास्त फिरकीवाल्याला. पुढच्या गेमला संघ दुसऱ्या लेनवरून सुरू करणार असेल तर सगळं उलटं होतं, तेव्हा क्रम पुन्हा बघा.

पुण्यातल्या सेंटरला स्पर्धेच्या आधी विचारा, त्या दिवशी तेल टाकणार आहेत का आणि किती वाजता. दिवसभर लोक खेळून गेलेल्या लेनवर स्पर्धा असेल तर उजवी कड कोरडी मिळेल आणि वर लिहिलेलं "तिसऱ्या गेमचं" गणित पहिल्याच फ्रेमला लागू होईल.

पुणेरी_पिन

आम्ही सगळ्यात चांगला चौथा ठेवला होता. म्हणजे तो 4 आणि 8 टाकून बसून राहायचा आणि दहावीला सगळ्यांकडे बघत बसायचा. धन्यवाद.

सातवीपिन

बेकरमध्ये तरी मान्य करा की स्ट्राइकवाले एकापाठोपाठ हवेत. स्ट्राइकचा बोनस पुढच्या दोन बॉलवर, आणि ते बॉल दुसऱ्याचे.

आकडेमोड

मान्य, पण किती फायदा ते बघा. पाच जणांच्या स्ट्राइकच्या शक्यता धरून चाला: 50, 40, 35, 25, 15 टक्के. बेकरचा क्रम गोल असतो, पाचव्यानंतर पुन्हा पहिला. तगडे शेजारीशेजारी बसवले (40, 50, 35, 15, 25) तर एका फेरीत लागोपाठच्या दोन स्ट्राइकची अपेक्षा 0.565. एकाआड एक पसरवले (50, 15, 40, 25, 35) तर 0.4975. फरक 0.0675, दोन फेऱ्यांत 0.135. प्रत्येक जोडस्ट्राइकचे नऊएक पिन जास्त धरले तरी गेमला सव्वा पिन.

सव्वा पिन. दहाव्या फ्रेमला चुकीचा माणूस उभा केला तर यापेक्षा कितीतरी जास्त जातात.

सातवीपिन

ठीक. असे हिशोब करणारे बाकावर असतील तर मनोबल मात्र खचणार हे नक्की.

जाता जाता: सेंट लुईसच्या बडवायझर संघाने 12 मार्च 1958 रोजी तीन गेममध्ये 3858 टाकले होते. पाच जणांचे 834, 775, 759, 754 आणि 736. रे ब्लूथच्या 834 मध्ये एक 300 चा गेम. सगळ्यात "कच्चा" 736, म्हणजे गेममागे 245. असे पाच मिळाले तर क्रम चिठ्ठ्या टाकून लावा.

लेन_तेरा

नियमांचं कोणी लिहिलं नाही, ते लिहितो. लीग यूएसबीसीची (अमेरिकेतली बोलिंग संघटना) प्रमाणित असेल तर हे सर्वसाधारण. पण हंगामाच्या सुरुवातीच्या सभेत लीगने मंजूर केलेलं नियमपत्रक आधी वाचा, बऱ्याच गोष्टी लीगवर सोडलेल्या असतात.

पाचांच्या संघाचे किमान तीन हजर असले की लाइनअप वैध. गैरहजर बोलरला त्याची सरासरी वजा 10 पिन. तुमचा अ आला नाही तर 191 अधिक हँडिकॅप 17, म्हणजे 208 धरले जातील. गेम सुरू झाला की त्या गेमपुरता क्रम बंद. दोन गेमच्या मध्ये बदलता येतो का, उशिरा आलेल्याच्या हुकलेल्या फ्रेमचं काय, हे पत्रकात बघा.

गैरहजर माणूस कुठल्या जागेवर लिहायचा याचाही विचार करा. बऱ्याच लीगमध्ये त्याच्यासमोरच्याला स्वतःच्या सरासरीच्या फार तर 10 पिन खाली राहिलं तरी गुण मिळतो. असा नियम असेल तर गैरहजराचं नाव समोरच्या सगळ्यात लहरी बोलरसमोर टाका. नेमाने सरासरी गाठणाऱ्यासमोर तो गुण दान केल्यासारखाच.

डावरा

वेगाचंही बघा. दोन संथ माणसं पाठोपाठ ठेवू नका. एक जण बॉल पुसतो, हात वाळवतो, शेजारच्या लेनवाल्याला आधी जाऊ देतो, मग दुसराही तेच. मागचा अँकर तोवर थंड पडतो. संथ माणसाच्या मागे झटपट माणूस.

आणि लीडऑफने सरावाचा शेवटचा बॉल ज्या लेनवर गेम सुरू होणार त्याच लेनवर टाकायचा. बाकीच्यांना अंदाज घ्यायला आधीच्यांचे बॉल आहेत, त्याला कोणीच नाही.

गटारसम्राट

सगळ्यांचं ऐकून असं ठरतंय: अ, इ, क, ड, ब.

अ पहिला, कारण त्याची माहिती कोणाला नको आणि त्याला कोणाची नको. दहावीला तो टाकेल तेव्हा किती हवेत हे अजून कोणी मोजत नसेल. इ त्याच्या सावलीत. क मध्ये. ड आणि ब ची जोडी अखंड.

सातवीपिन

ड चौथा मला अजून पटत नाही, पण अ पहिला हे उत्तम. सुरुवातीलाच स्ट्राइकची रांग लागली की समोरचे दबतात.

लेन_तेरा

एक खोच. ड उशिरा येतो म्हणालात. चौथा असला तरी त्याच्या आधी आपलेच तीन जण, म्हणजे फार तर तीन-चार मिनिटं. पाच-दहा मिनिटांच्या उशिराला ती पुरत नाहीत, आणि सराव तर बुडतोच. सराव न करता आलेल्या माणसाचा पहिला बॉल बघून ब ने लाइन बदलली तर उलटा तोटा.

तेलकट

बरोबर. लीग गेमच्या मध्ये क्रम बदलू देत असेल तर पहिल्या गेमला ड आणि ब ची अदलाबदल करा. तेल ताजं असतं, लेन फारशी बदललेली नसते, ब ला कोणाची चाचणी लागत नाही. साखळीची खरी गरज दुसऱ्या गेमच्या मध्यापासून पुढे.

गटारसम्राट

पत्रक पाहिलं, बदलू देतात. पहिला गेम: अ, इ, क, ब, ड. दुसरा आणि तिसरा: अ, इ, क, ड, ब.

लेन_तेरा

मग दुसऱ्या गेमचा पहिला बॉल पडायच्या आत समोरच्या कॅप्टनला सांगा आणि पडद्यावर व रीकॅप शीटवर दोन्हीकडे बदल करून घ्या. वैयक्तिक गुण जागेवरून मोजले जातात. पडद्यावर नवा क्रम आणि शीटवर जुना राहिला तर ड चा गुण ब च्या प्रतिस्पर्ध्याशी ताडला जातो, आणि दोन्ही कॅप्टनच्या सह्या झाल्यावर ते निस्तरायला सेक्रेटरीच्या मागे लागावं लागतं.